टपाली देणगी-मोहीम (अमेरिका)

लोकांच्या घरी आवाहनपत्रे पाठवून धर्मादाय संस्थेसाठी निधी जमवण्याची व्यावसायिक पद्धत. तिचा उगम बहुधा क्षयरोगविरोधी नाताळ-तिकिटांशी (नाताळात पत्रांवर चिकटवायच्या, निधीसाठी विकलेल्या शोभेच्या तिकिटांशी) जोडला जातो. ही तिकिटे डेन्मार्कमध्ये १९०४ साली टपाल खात्यातील आयनार होल्बोल यांच्या कल्पनेतून निघाली आणि अमेरिकेत १९०७ साली एमिली बिसेल यांनी आणली. मात्र बिसेल यांची तिकिटे प्रथम विल्मिंग्टनच्या टपालकचेरीत एकेका सेंटला विकली गेली. त्यामुळे त्या तिकिटांना या पद्धतीचे मूळ म्हणण्यापेक्षा पूर्वरूप म्हणणे बरे.

नवे देणगीदार शोधणारी पहिली मोहीम सहसा तोट्यात जाते. समजा, दुसऱ्याकडून भाड्याने घेतलेल्या यादीवरील ५०,००० पत्त्यांवर प्रत्येकी ५० सेंट खर्चून पत्रे गेली, एक टक्का लोकांनी सरासरी ३५ डॉलर दिले. तर खर्च २५,०००, जमा १७,५०० डॉलर. म्हणजे प्रत्येक देणगीदार संस्थेला १५ डॉलर तोट्यात पडला. पुढील पत्रांना तेच लोक पुन्हा देतात, तेव्हा हा तोटा भरून निघतो. भाड्याची यादी एकदाच वापरायची असते; मालक तीत खुणेची नावे (ज्यांची पत्रे त्याच्याकडेच पोचतात) पेरून ठेवतो, म्हणून चोरून केलेला दुसरा वापर उघड होतो. चाचणीसाठी ५,००० पत्ते घेतले तर जेमतेम ५० देणग्या येतात. एवढ्यावरून ०.७ आणि १.३ टक्के यांतला फरकही खात्रीने सांगता येत नाही. घाईने सगळी यादी उचलणारे येथेच फसतात.

टपालखर्च आगाऊ भरावा लागतो; छपाईवाला मात्र उधारीवर थांबू शकतो. संस्थेकडे भांडवल नसल्यास निधिसंकलक कंपनी ते घालते आणि आलेल्या देणग्यांतून आधी स्वतःची रक्कम वळती करून घेते. देणगीदारांच्या यादीवर सहमालकी मागणे ही त्यातली खरी मेख. युनायटेड कॅन्सर कौन्सिल या धर्मादाय संस्थेच्या अशाच एका कंपनीशी झालेल्या १९८४–८९ च्या करारात सुमारे ८ कोटी पत्रे गेली, २.८८ कोटी डॉलर जमले, २.६५ कोटी खर्चात गेले. करन्यायालयाने १९९७ मध्ये संस्थेची करमाफी रद्द ठरवणे योग्य मानले. १९९९ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. कंपनी ‘आतली’ (संस्थेवर ताबा असलेली) नव्हती, करार वाटाघाटींनी झाला होता, हे त्या न्यायालयाचे न्यायाधीश पोस्नर यांचे म्हणणे अधिक पटते.

खर्चाच्या टक्केवारीवर कायद्याने मर्यादा घालण्याचे प्रयत्न सर्वोच्च न्यायालयाने १९८०, १९८४ व १९८८ मध्ये भाषणस्वातंत्र्याच्या आधारे फेटाळले. नफ्याच्या कंपनीशी जोखीम वाटून घेतल्यास धर्मादाय संस्थेला सवलतीचा टपालदर नाकारणारा नियमही २००३ मध्ये देणगीपत्रांपुरता शिथिल झाला.