अमेरिकेत कायम वास्तव्याचा अर्ज : गरीब देशांतील अर्जदारांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि खर्च

अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यात अर्जदाराची गरिबी हा पात्रतेचा निकष नाही आणि तिथे जाण्याचे ते मान्य कारणही नाही. १९२० च्या दशकात राष्ट्रीयत्व पाहून ठरवलेले कोटे १९६५ च्या कायद्याने रद्द झाले, त्यामुळे आज कागदावर पात्रतेचे मूळ नियम सर्व देशांना सारखेच आहेत; सोडत आणि प्रवेशबंदी यांतील देशवार अपवाद पुढे दिले आहेत. मात्र चांगल्या रोजगारासाठी किंवा मुलांच्या भवितव्यासाठी तिथे जाऊ इच्छिणाऱ्या सामान्य माणसाला केवळ कष्टाच्या तयारीवर स्वतःहून अर्ज करता येत नाही. कायद्याला त्याच्यासाठी तिथला नातेवाईक हवा असतो, नोकरी देणारा मालक हवा असतो, नाहीतर सोडतीत क्रमांक लागावा लागतो. "रांगेत उभे राहून रीतसर या" असा सल्ला वारंवार दिला जातो, पण जगातील बहुसंख्य गरीब माणसांसाठी अशी रांगच उपलब्ध नाही. अर्जाच्या तयारीत पैसा आणि वर्षे घालवण्याआधी हे समजून घेणे आवश्यक आहे.

नातेसंबंधावर आधारित अर्ज

कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे ग्रीन कार्ड, सर्वाधिक लोकांना कुटुंबाच्या आधारे मिळतो. अमेरिकी नागरिकाचा पती किंवा पत्नी, २१ वर्षांखालील अविवाहित अपत्ये आणि (नागरिक किमान २१ वर्षांचा असल्यास) आईवडील यांच्यासाठी वार्षिक संख्येची मर्यादा नाही. नागरिकाची प्रौढ किंवा विवाहित मुले व त्याची भावंडे, तसेच ग्रीन कार्डधारकाचा जोडीदार व अविवाहित मुले यांना मात्र मर्यादित व्हिसांसाठी थांबावे लागते. ग्रीन कार्डधारकाला आईवडिलांसाठी किंवा भावंडांसाठी अर्ज करण्याचा अधिकारच नाही.

अर्जाची सुरुवात इच्छुक व्यक्ती नव्हे, तर अमेरिकेतील नातेवाईक करतो. तो आय-१३० ही याचिका नागरिकत्व व स्थलांतर सेवेकडे दाखल करतो. मर्यादित गटांमध्ये याचिका दाखल झालेला दिवस ही अर्जदाराची अग्रक्रम तारीख ठरते, आणि परराष्ट्र खात्याच्या मासिक व्हिसा बुलेटिनमध्ये ती तारीख येईपर्यंत पुढची कार्यवाही थांबते. भावंडांच्या गटाला वर्षाला ६५,००० व्हिसा आहेत. शिवाय कुटुंब आणि नोकरी या मर्यादित गटांमध्ये एका देशात जन्मलेल्यांना एकूण व्हिसांपैकी ७ टक्क्यांहून अधिक मिळू शकत नाहीत. त्यामुळे मेक्सिको आणि फिलिपिन्समधील भावंडांची प्रतीक्षा सुमारे वीस वर्षे किंवा त्याहून अधिक झाली आहे. इथे सध्याचे नागरिकत्व नव्हे, तर जन्माचा देश मोजला जातो.

नोकरीच्या आधारे

नोकरीच्या गटासाठी वर्षाला सुमारे १,४०,००० व्हिसा आहेत, परंतु त्यांत जोडीदार आणि मुलेही मोजली जातात. बहुतेक व्हिसा उच्चशिक्षित, विशेष गुणवत्तेच्या किंवा कुशल उमेदवारांसाठी असतात. ज्या कामाला दोन वर्षांपेक्षा कमी प्रशिक्षण पुरते, अशा कामगारांसाठी कायद्याने वर्षाला जास्तीत जास्त १०,००० व्हिसा ठेवले आहेत. किमान ८,००,००० डॉलर गुंतवून दहा नोकऱ्या निर्माण करणाऱ्या गुंतवणूकदारांचा वाटाही जवळपास तेवढाच आहे. श्रमावर जगणाऱ्या कोट्यवधी लोकांना आणि मूठभर धनिकांना सारखी जागा देणारी ही वाटणी मला अन्यायाची वाटते.

कामगारासाठी मालकाला आधी श्रम खात्याकडून प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्या जागेसाठी पात्र आणि इच्छुक अमेरिकी कामगार मिळत नाही, हे त्यातून सिद्ध करायचे असते. या प्रमाणपत्राचा खर्च मालकानेच करावा, कामगाराकडून तो वसूल करू नये, असा नियम २००७ पासून आहे. म्हणून या कामासाठी मध्यस्थ पैसे मागत असेल तर तिथेच सावध व्हावे. शेती किंवा हंगामी कामाचे तात्पुरते व्हिसा वेगळे असतात आणि त्यांची मुदत संपल्यावर परतावे लागते.

सोडत आणि आश्रय

नातेवाईक किंवा मालक नसलेल्यांसाठी १९९० च्या कायद्याने विविधता व्हिसाची सोडत आणली. तिच्यासाठी बारावीपर्यंतचे शालेय शिक्षण पूर्ण झालेले असावे, अथवा किमान दोन वर्षांचे प्रशिक्षण लागणाऱ्या व्यवसायात मागील पाच वर्षांपैकी दोन वर्षांचा अनुभव असावा. ज्या देशांतून आधीच्या पाच वर्षांत ५०,००० हून अधिक लोक कायम वास्तव्यासाठी आले, तिथे जन्मलेले लोक अपात्र ठरतात. २०२६ च्या सोडतीतून भारत, बांगलादेश, पाकिस्तान, नायजेरिया आणि हैती हे देश याच कारणाने वगळलेले होते. जोडीदाराचा जन्म पात्र देशात झाला असेल, तर त्या देशाच्या आधारे नाव नोंदवता येते. पती, पत्नी किंवा मूल यांपैकी कोणाचे नाव राहिले, अथवा एकाच व्यक्तीने दोन अर्ज भरले, तर अर्ज बाद होतो. निवड झाल्यावरही संबंधित आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, व्हिसा हातात पडला नाही तर संधी जाते. डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने या कार्यक्रमाला स्थगिती जाहीर केली असल्याने अर्ज करण्याआधी त्याची सद्यःस्थिती परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर पाहावी.

निर्वासित म्हणून प्रवेश मागण्यासाठी वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत यांमुळे छळ होण्याची सार्थ भीती दाखवावी लागते. भूक, दुष्काळ आणि बेरोजगारी यांना त्यात स्थान नाही. २०२६ या आर्थिक वर्षासाठी निर्वासितांची मर्यादा ७,५०० इतकी खाली आणली गेली. त्याआधीच्या वर्षी ती १,२५,००० होती.

उत्पन्नाची हमी

गरिबीचा प्रश्न कायद्यात खऱ्या अर्थाने इथे प्रवेश करतो. जो अर्जदार पुढे सरकारी मदतीवर अवलंबून राहील असे अधिकाऱ्याला वाटते, त्याला व्हिसा नाकारता येतो. त्यासाठी वय, प्रकृती, कौटुंबिक स्थिती, मालमत्ता, शिक्षण आणि कौशल्य पाहिले जाते. कौटुंबिक अर्जात यासोबत आय-८६४ हे हमीपत्र लागते. प्रायोजकाचे, म्हणजे याचिका करणाऱ्या नातेवाइकाचे, उत्पन्न अमेरिकी दारिद्र्य-मार्गदर्शक रकमेच्या (सरकार दरवर्षी जाहीर करते त्या दारिद्र्यमर्यादेच्या) किमान १२५ टक्के असावे लागते. २०२५ च्या आकड्यांनुसार दोघांच्या कुटुंबासाठी ही रक्कम वर्षाला सुमारे २६,४३७ डॉलर, तर चौघांसाठी सुमारे ४०,१८७ डॉलर होते आणि नव्याने येणाराही त्या कुटुंबात मोजला जातो. संघराज्याच्या ताशी ७.२५ डॉलर या किमान वेतनावर वर्षभर पूर्णवेळ राबणाऱ्या माणसाला १५,०८० डॉलर मिळतात. म्हणजे तो एकटा स्वतःच्या पत्नीचीही हमी घेऊ शकत नाही.

अशा वेळी दुसऱ्या नागरिकाला किंवा ग्रीन कार्डधारकाला सहप्रायोजक करता येते, किंवा मालमत्ता दाखवता येते. मालमत्ता कमी पडणाऱ्या रकमेच्या पाचपट असावी, मात्र नागरिकाच्या जोडीदारासाठी तिप्पट पुरते. सहप्रायोजकाला या सहीचे ओझे आधीच स्पष्ट सांगावे. आलेली व्यक्ती नागरिक होईपर्यंत किंवा तिच्या सामाजिक सुरक्षा खात्यात कामाच्या ४० तिमाही (सुमारे दहा वर्षांचे काम) जमा होईपर्यंत ही हमी सहसा कायम राहते, आणि घटस्फोटानेही ती सुटत नाही.

कागदपत्रे

याचिका मंजूर झाली की प्रकरण परराष्ट्र खात्याच्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. तारीख आली की तिथे डीएस-२६० हा अर्ज ऑनलाइन भरून पुढील कागदपत्रे चढवावी लागतात : वैध पासपोर्ट, जन्मदाखला, विवाहाचा दाखला, आधीचा विवाह संपल्याचा पुरावा, पोलीस दाखले, शिक्षा झाली असल्यास न्यायालयाचे कागद, लष्करी सेवेची नोंद आणि प्रायोजकाची करविवरणे. इंग्रजी किंवा अर्ज जिथे होतो त्या देशाची अधिकृत भाषा सोडून अन्य भाषेतील कागदांना प्रमाणित अनुवाद जोडावा लागतो. पोलीस दाखला १६ वर्षांवरील अर्जदाराकडून मागितला जातो, आणि ज्या परक्या देशात पूर्वी वर्षभर वा अधिक राहणे झाले असेल तिथूनही तो आणावा लागतो.

सर्वांत कठीण कागद बहुधा जन्मदाखला ठरतो. युनिसेफच्या २०२४ च्या अहवालानुसार जगात पाच वर्षांखालील सुमारे १५ कोटी मुलांची जन्मनोंद झालेली नाही, आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत आहेत. ज्यांच्याकडे दाखला नाही त्यांनी आशा सोडू नये. परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर देशवार सूची आहे. कोणत्या देशात कोणता दाखला मिळतो, कोण देतो आणि मिळत नसेल तर काय चालते, हे तिच्यात नमूद असते. शाळेची नोंद, धार्मिक संस्कारांची नोंद आणि जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे पर्यायी पुरावा म्हणून देता येतात. नात्याविषयी शंका राहिल्यास अधिकारी डीएनए चाचणी सुचवतात आणि तिचा खर्च अर्जदाराकडेच येतो. नावाचे स्पेलिंग आणि जन्मतारीख सर्व कागदांवर एकच असावी. तफावत दुरुस्त करायला स्थानिक कार्यालयांत महिने लागतात, म्हणून हे काम प्रतीक्षेच्या वर्षांतच उरकावे.

शुल्क आणि मुलाखत

एप्रिल २०२४ पासूनच्या दरांनुसार ऑनलाइन याचिकेला ६२५ डॉलर, कागदी याचिकेला ६७५ डॉलर लागतात आणि उत्पन्न कमी असल्याने त्यात सूट मिळत नाही. व्हिसा अर्जाचे ३२५, हमीपत्र तपासणीचे १२० आणि व्हिसा मिळाल्यानंतरचे २३५ डॉलर धरले तर एका माणसाचे केवळ सरकारी शुल्क १,३०५ डॉलर होते. जागतिक बँकेच्या २०२५ च्या वर्गवारीत ज्या देशाचे दरडोई वार्षिक उत्पन्न १,१३५ डॉलर किंवा त्याहून कमी, तो अल्प उत्पन्न देश मानला आहे. थोडक्यात, अशा देशातील सरासरी माणसाची वर्षाची कमाई या शुल्कालाही पुरत नाही. वैद्यकीय तपासणी, लसी, अनुवाद आणि प्रवास यांचा खर्च याव्यतिरिक्त असतो. ज्यांच्या देशात अमेरिकी दूतावास चालू नाही त्यांना मुलाखतीसाठी परदेशी जावे लागते. येमेनमधील दूतावासाचे काम २०१५ मध्ये थांबल्यापासून तिथल्या कुटुंबांनी जिबूती आणि कैरो गाठले आहे.

प्रवेशबंदीचे आदेश तारखेनिशी तपासणेही आता अपरिहार्य झाले आहे. जून २०२५ च्या अध्यक्षीय घोषणेने चाड, हैती आणि सोमालिया यांच्यासह १२ देशांच्या नागरिकांचा प्रवेश थांबवला आणि ७ देशांवर अंशतः निर्बंध आणले. पुढे ही यादी वाढवण्यात आली. जानेवारी २०२६ मध्ये तर सरकारी मदतीवर अवलंबून राहण्याच्या शक्यतेचे कारण देऊन ७५ देशांच्या नागरिकांना स्थलांतरित व्हिसा देणे स्थगित करत असल्याचे परराष्ट्र खात्याने जाहीर केले. म्हणून आपला देश अशा यादीत आहे का आणि कोणाला सूट आहे, हे पाहिल्याशिवाय परत न मिळणारे शुल्क भरू नये.

मुलाखतीला मूळ कागद न्यावेत. एखादा कागद कमी पडल्यास अधिकारी प्रकरण प्रलंबित ठेवून लेखी सूचना देतात आणि वर्षभरात पूर्तता केल्यास सहसा नवे शुल्क लागत नाही. व्हिसाची मुदत बहुधा वैद्यकीय तपासणीशी जोडलेली, जास्तीत जास्त सहा महिन्यांची असते आणि त्या मुदतीतच अमेरिकेत प्रवेश करावा लागतो. त्यामुळे प्रवासाच्या पैशांची सोय झाल्यानंतरच तपासणीची तारीख घ्यावी.