पहिल्या महायुद्धातले ऑस्ट्रेलियन सैनिक सगळे रानातले घोडेस्वार होते?

पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाकडून लढलेले सैनिक म्हणजे माळरानावर वाढलेले मेंढपाळ, बंदूक नि घोडा हाताळत मोठे झालेले, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. चित्र ऐटबाज आहे, आणि पूर्ण खोटंही नाही. घोडदळात असे गडी होतेच.

पण सैन्यातला प्रत्येकजण स्वेच्छेने भरती झालेला होता. सक्तीच्या भरतीचा प्रस्ताव लोकांनी १९१६ आणि १९१७ अशा दोन्ही मतदानांत फेटाळला. त्यामुळे जो देश होता तशीच फौज झाली, आणि देशातली बरीच वस्ती तेव्हाही शहरांत होती. परदेशी रवाना झालेल्यांत कारागीर आणि मजूर मिळून निम्म्याहून जास्त; शेती-पशुपालनवाले साधारण सहात एक; कारकून सुमारे ७ टक्के. (मजुरांत काही खेड्यातलेही असणार, हे मान्य.)

मग कारकुनाला बंदूक कशी यायची? १९११पासून मुलांना लष्करी शिक्षण सक्तीचं होतं. बाकीचं इजिप्तच्या छावण्यांत घोटून घेतलं गेलं.

हे घरबसल्या पडताळता येतं. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी अभिलेखागारात या सैनिकांची सेवापत्रकं ऑनलाइन, फुकट उघडतात. भरतीच्या अर्जावर धंदा कोणता, असा प्रश्न आहे. उत्तरात कुठे ‘कारकून’, कुठे ‘सुतार’. जहाजावर चढलेल्यांच्या याद्यांतही धंद्याचा रकाना आहे. एखाद्या पायदळ पलटणीची यादी काढा आणि तेवढा रकाना वरपासून खालपर्यंत वाचा.