जनार्दन नवले
जनार्दन ज्ञानोबा नवले (७ डिसेंबर १९०२ – ७ सप्टेंबर १९७९) हे भारताचे पहिले टेस्ट विकेटकीपर, आणि टेस्टमध्ये भारताकडून पहिला बॉल खेळणारे बॅट्समनही तेच. टेस्ट करिअर मात्र जेमतेम दोन मॅचचं.

जन्मगाव नोंदींमध्ये फुलगाव असं दिलेलं असतं, ते वर्ध्याकडचं पुलगाव नसून पुण्याजवळचं फुलगाव मानणं जास्त पटतं. वडिलांच्या नावाचंही तसंच, इंग्रजी स्कोअरकार्डवर ‘जे. जी.’ छापलंय म्हणून काहीजण ‘ग्यानोबा’ लिहितात, पण मराठीत ते सरळ ज्ञानोबाच आहे.

‘टेस्टमध्ये बॉल खेळणारा पहिला भारतीय’ असं त्यांच्याबद्दल सर्रास लिहिलं जातं, ते तसं बरोबर नाही. रणजी (रणजितसिंहजी) १८९६ मध्ये आणि त्यांचे पुतणे दुलीप (दुलीपसिंहजी) १९२९ मध्ये इंग्लंडकडून टेस्ट खेळले होतेच. नवलेंचा मान ‘भारताकडून पहिला’ हा आहे आणि तो अजिबात लहान नाही.

साधारण सोळाव्या वर्षापासून ते मुंबईच्या चौरंगी सामन्यांत (युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुस्लिम अशा चार संघांची स्पर्धा) हिंदू संघाकडून खेळायला लागले. अंगाने लहानखुरे, हालचाल चपळ, स्टंपमागे उगाच आरडाओरडा नाही.

जून १९३२, इंग्लंड दौऱ्यात लॉर्ड्सवर भारताची पहिलीच टेस्ट. कॅप्टन सी. के. नायडू. निसारचा वेग आणि अमरसिंगचा स्विंग, दोघांनाही कीपिंग करणं म्हणजे काय कसोटी असेल हे ज्याने ग्लोव्ह्ज घातलेत त्यालाच कळेल! इंग्लंडचे ३ बाद १९ झाले, मग त्यांचा कॅप्टन जार्डिन टिकला, ७९ पर्यंत गेला आणि नायडूंच्या बॉलिंगवर नवलेंनी त्याचा कॅच घेतला. टेस्टमधला त्यांचा हा एकुलता एक कॅच, आणि भारतीय कीपरने घेतलेला पहिलाच. इंग्लंड २५९ वर संपलं आणि पूर्ण इनिंग कीपिंग केलेला हाच माणूस पॅड बांधून नाऊमल जिऊमलबरोबर ओपनिंगला आला. इंग्लंडच्या बिल बोजने बोल्ड केलं तेव्हा १२, दुसऱ्या डावात १३. भारत १५८ रनने हरला. त्या दौऱ्यात टेस्ट एवढी एकच होती.

दुसरी टेस्ट डिसेंबर १९३३, मुंबई जिमखाना, भारतातली पहिलीवहिली. लाला अमरनाथच्या ११८ मुळे ती सगळ्यांच्या लक्षात राहिली, नवलेंचे १३ आणि ४ कोण लक्षात ठेवणार? पुढच्या कलकत्ता टेस्टला कीपर म्हणून दिलावर हुसेन आला, त्याने ५९ आणि ५७ केले, आणि नवलेंचा विषय तिथेच संपला. चार डाव, ४२ रन. माझ्या मते हा निर्णय कीपिंगवर नव्हे तर बॅटिंगवर झाला असावा, कारण कीपर म्हणून त्यांचं १९३२ च्या दौऱ्यात इंग्लंडमध्येसुद्धा कौतुक झालं होतं.

नंतरच्या आयुष्याबद्दल एका साखर कारखान्यात सिक्युरिटी गार्डची नोकरी आणि पुण्यात दोन खोल्यांचं घर, एवढे उल्लेख मिळतात. काही ठिकाणी याहून हलाखीचे किस्से येतात, पण नोकरी आणि घराची माहिती जास्त भरवशाची वाटते. पुण्यातच ते वारले.