खुर्च्या गोल मांडल्या म्हणून एकच नव्हे: आधारगट आणि गट-समुपदेशन

आमच्याकडे, कर्नाटकातल्या मराठी सीमाभागात, ‘गट’ म्हटलं की बायकांच्या डोळ्यांसमोर पासबुक येतं. खानापूर असो की निपाणी, गट किंवा संघ म्हणजे बचत, कर्ज, हप्ता. माझ्या जावेचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि नर्स म्हणाली, “अक्का, आमच्या गटाला येत जावा.” तर हिचा पहिला प्रश्न, “आठवड्याला किती भरायचं?”

तो घोळ तिथल्या तिथे मिटला. दुसरा मात्र चांगला तीन-चार महिने टिकला. महिन्यातून एकदा शनिवारी बायका गोल बसून बोलत, तो ‘सपोर्ट ग्रुप’. दर बुधवारी समुपदेशक बाई सात-आठ जणींना घेऊन बसत, त्यालाही सगळे ‘सपोर्ट ग्रुप’च म्हणत. खोली तीच, खुर्च्या त्याच. पण शनिवारचा होता आधारगट आणि बुधवारचं होतं गट-समुपदेशन.

शनिवारी सोबत म्हणून मीही जाऊन बसायची. तिथे शिकवणारं कोणी नाही. जी या वाटेने आधी गेली, ती बोलते. संकेश्वरकडच्या एका काकूंनी ब्लाउज उलटा करून आतला कप्पा दाखवला होता. नुसता कापूस भरला की हलका पडतो, हात वर केला की कप्पा वर सरकतो. म्हणून त्यांनी कापसात मोहरीची छोटी पुरचुंडी घातली होती, वजनाला. दुसरी एक जण भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम करायची आणि बोटं पोचतील तिथे पेन्सिलने रेघ मारायची. ऑपरेशननंतर खांदा आखडू नये म्हणून हा व्यायाम सगळीकडेच सांगतात, पण रेघेची युक्ती तिची. जावेच्या स्वयंपाकघरात अजून त्या रेघा आहेत, रंग द्यायला आलेल्या पोरालाही तिने पुसू दिल्या नाहीत. कुठलं कार्ड कुठे चालतं, हेही तिथेच कळतं. 2023 मध्ये महाराष्ट्राने सीमाभागातल्या 865 गावांसाठी आरोग्य योजना जाहीर केली. तिची कागदपत्रं आणि इकडचं आयुष्मान कार्ड यांचा गुंता बायकाच एकमेकींना सोडवून देतात.

बुधवारचं मात्र मी काही सांगू शकत नाही, कारण जाऊ सांगत नाही. आतलं बाहेर न्यायचं नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलेलं. मला माहीत आहे ते एवढंच: दर वेळी त्याच सात-आठ बायका, ठरलेल्या दहा बैठका, दार बंद. समुपदेशक बाई प्रशिक्षण घेतलेल्या. त्या स्वतःची कहाणी सांगत नाहीत, सल्ला द्यायची घाई करत नाहीत, आणि कोणी खचतंय असं दिसलं तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतात.

दोन्हींची मुळंही वेगळी आहेत. न्यूयॉर्कच्या टेरेस लॅसर यांचं स्वतःचं स्तन काढण्याचं ऑपरेशन झालं आणि 1952 पासून त्या अशाच दुसऱ्या बायकांना दवाखान्यात जाऊन भेटू लागल्या. ‘रीच टू रिकव्हरी’ हे काम त्यातून उभं राहिलं. रुग्णाने रुग्णाला धरायचं, ही त्यातली कल्पना. गट-समुपदेशनाचं नाव घेतलं की मात्र अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल आठवतात. आजार शरीरात पसरलेल्या 86 बायकांचा त्यांचा अभ्यास 1989 मध्ये आला. वर्षभर दर आठवड्याला गटात बसलेल्या बायका सरासरी 36.6 महिने जगल्या, बाकीच्या 18.9 महिने.

‘गटात गेलं की आयुष्य वाढतं’ असं जे कानावर येतं, ते बहुधा इथूनच. पण ते गट तज्ज्ञांनी चालवलेले होते, आपल्या शनिवारसारखे नव्हते. शिवाय 2001 मध्ये कॅनडात 235 बायकांवर तसाच प्रयोग झाला आणि आयुष्यात फरक दिसला नाही: गटातल्या बायका 17.9 महिने, बाकीच्या 17.6 महिने. मनाचा ताण आणि दुखणं मात्र कमी जाणवलं, तेही मुळात जास्त त्रासात असलेल्यांना जास्त. जगण्याचे दिवस वाढवून देतो म्हणून कोणी गटात बोलवत असेल, तर मी उठून येईन.

आणखी एक गोष्ट मला पटायला वेळ लागला. अमेरिकेतच 312 बायकांवर झालेल्या अभ्यासात आजाराची नीट माहिती देणारे वर्ग उपयोगी पडले. नुसतं आपसात बोलण्याच्या गटाचा फायदा झाला तो ज्यांना नवऱ्याकडून किंवा डॉक्टरांकडून आधार कमी होता त्यांना. घरात भरपूर आधार असलेल्यांना उलट त्रासच झाला. विचार केला तर आश्चर्य वाटत नाही. घरी सगळं निवांत चाललेलं असताना दुसरीचं परत आलेलं दुखणं ऐकून कोणाचीही झोप उडेल. त्यामुळे ‘जायलाच पाहिजे’ असं सुनेला किंवा जावेला दामटू नये. मी दामटलं होतं.

शनिवारच्या गटातला धोकाही सांगते. तिथे कोणीतरी काढा घेऊन येतंच. ‘माझ्या मामेबहिणीला गुण आला’ एवढं म्हटलं की चार जणी लिहून घेतात. गट चांगला असेल तर एक तरी खमकी म्हणते, “आधी डॉक्टरांना दाखव, मग पी.” ऑपरेशन झालेल्या बाजूचा हात सुजला, लाल झाला, ताप आला, तर तो विषय गटाचाही नाही आणि समुपदेशकाचाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

राहता राहिली भाषा. बाजारात, बसमध्ये आम्ही मराठी-कन्नड मिसळून बोलतो आणि शनिवारी ते चालूनही जातं, एक जण अडली की दुसरी सांगते. पण ‘मला माझंच अंग बघवत नाही’ हे बाई आपल्याच भाषेत म्हणते. म्हणून समुपदेशनाला जाताना ‘मराठी येणारी कोणी आहे का?’ असं आधीच विचारावं, त्यात संकोच कसला? जवळ कोणी नसेल तर सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आधाराच्या फोनसेवेचा 14416 हा नंबर फुकट आहे आणि त्यावर मराठीतही बोलता येतं. जावेने तो आधी माझ्या फोनवरून लावला होता, गोठ्यात जाऊन, दार ओढून घेऊन.