हॉस्पिस: सिस्टरांच्या वॉर्डापासून घरच्या खाटेपर्यंत

"आता घरी घेऊन जा, सेवा करा." कॅन्सरवरचे उपचार संपले की दवाखान्यातून हेच ऐकू येतं. सेवा म्हणजे नेमकं काय करायचं, ते फारसं कुणी सांगत नाही. ज्यांनी ते ठरवलं ती हॉस्पिसं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांची अखेरपर्यंत शुश्रूषा करणारी ठिकाणं. त्यांची सुरुवात धर्मसंस्थांच्या वॉर्डांत झाली.

आयरिश सिस्टर्स ऑफ चॅरिटी या कॅथलिक नन्सच्या संघाने 1879 साली डब्लिनला एक आणि 1905 साली लंडनच्या हॅकनी भागात सेंट जोसेफ्स हे हॉस्पिस काढलं. दरम्यान 1893 मध्ये मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशनने लंडनमध्येच सेंट ल्यूक्स सुरू केलं होतं. स्वच्छ चादर, भरवणं, प्रार्थना हे सगळीकडेच होतं. सेंट ल्यूक्सचं वेगळेपण असं, की तिथे मॉर्फीन हे अफूपासून बनणारं वेदनाशामक घड्याळ बघून दिलं जाई, रुग्ण कळवळेपर्यंत थांबत नसत. सिसिली साँडर्स 1948 पासून तिथे स्वयंसेविका म्हणून जात होत्या, तेव्हा त्यांनी हे पाहिलं. पुढे त्या डॉक्टर झाल्या आणि 1958 पासून सेंट जोसेफ्समध्ये त्यांनी हीच पद्धत बसवली. तोंडाने घेतलेल्या साध्या मॉर्फीनचा असर साधारण चार तास टिकतो. वेदना पुन्हा उसळल्यावर औषध दिलं तर मात्रा वाढवावी लागते, ग्लानी येते आणि रुग्णाचं सगळं लक्ष पुढच्या डोसकडे लागून राहतं. वेळेआधी दिलं तर कमी औषधात भागतं आणि माणूस शुद्धीवर राहून घरच्यांशी बोलतो.

साँडर्स यांचं सेंट क्रिस्टोफर्स 1967 मध्ये उघडलं. संस्था ख्रिस्ती, पण दार सर्वधर्मीयांना आणि धर्म न मानणाऱ्यांनाही खुलं. शरीराचं दुखणं, मनाची भीती, घरची काळजी आणि 'माझ्याच वाट्याला हे का' हा प्रश्न, या सगळ्यांची मिळून एकच वेदना होते, ही त्यांची मांडणी. 1969 मध्ये तिथली पथकं रुग्णांच्या घरी जाऊ लागली. माझ्या मते हॉस्पिसच्या इतिहासातलं खरं वळण हे, इमारत नव्हे.

भारतात टाटा मेमोरियलचे शल्यचिकित्सक डॉ. लुईस डिसोझा यांनी 1986 मध्ये वांद्र्याला माउंट मेरीजवळ शांती आवेदना सदन सुरू केलं. हे देशातलं पहिलं हॉस्पिस. शुश्रूषा सिस्टरांच्या हाती, रुग्ण कुठल्याही धर्माचा, खर्च शून्य. पाठोपाठ गोव्यात लोटली इथे आणि नंतर दिल्लीत शाखा निघाली. पण वेळ वाईट होती. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने मॉर्फीनसाठी एकामागून एक परवाने लागू लागले. कागदपत्रांतल्या चुकीसाठीही तुरुंगाची भीती असल्याने औषध दुकानांनी ते ठेवणंच सोडलं. 1997 पर्यंत देशातला वापर सुमारे 97 टक्क्यांनी घटला. अफू पिकवणाऱ्या देशात ही गत! 2014 च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त संस्थांना एकाच परवान्यावर काम करता येऊ लागलं. डॉक्टरांच्या मनातली धास्ती मात्र कागदावर बदलत नाही.

हॉस्पिसमधल्या खाटा मोजक्याच, म्हणून भार घरावरच येतो. पुण्यात वारज्याला 1997 पासून चालणाऱ्या सिप्ला या औषध कंपनीच्या अशाच केंद्रात, जे धर्मसंस्थेचं नाही, नातेवाइकाला रुग्णासोबतच ठेवून घेतात आणि वॉर्डातच शिकवतात. शिकायचं ते असं. मॉर्फीनबरोबर पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध हवंच; बद्धकोष्ठता झाली की घरचे मॉर्फीनच बंद करतात आणि वेदना परततात. डॉक्टरांनी रात्रीची मात्रा वाढवून लिहिली असेल, तर मध्यरात्री कुणाला उठावं लागत नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, ती ओढून नाही, खालची चादर दोघांनी उचलून. ओढल्याने कातडी सोलते आणि तिथेच जखम होते. जखमेला दुर्गंधी असेल तर डॉक्टरांना विचारून मेट्रोनिडाझोल या जंतुनाशक गोळीची पूड धुतलेल्या जखमेवर टाकतात; नातवंडं पुन्हा खोलीत येऊ लागतात, एवढा फरक पडतो. हे सगळं एकट्या सुनेच्या अंगावर पडलं की पंधरवड्यात तीच आजारी पडते. म्हणून रात्रींची पाळी आधीच कागदावर लिहायची, लांबच्या भावंडांची नावंही त्यात घालायची.

धर्माचं काम शेवटपर्यंत ठेवू नये. कॅथलिक घरात फादरांना बोलवायचं ते रुग्ण बोलू शकतो तेव्हा. पापनिवेदन शुद्धीवरच होतं. घरघर लागल्यावर चमच्याने गंगाजल किंवा मक्केचं झमझम पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत उतरतं आणि ठसका लागतो. ओल्या कापसाने ओठ भिजवावेत. घरघर ऐकवत नाही, पण रुग्णाला तिचा त्रास बहुधा होत नसतो. त्याला एका कुशीवर वळवलं की आवाज बराच कमी होतो.