मूल कुठेही शिको, तपासणी सरकारी: अमेरिकेतल्या एका हक्काची पार्श्वभूमी

न्यू जर्सीत रविवारी भरणाऱ्या आमच्या मराठी शाळेत मी सात-आठ वर्षांच्या मुलांना शिकवते. गेल्या वर्षी वर्गात एक मुलगा होता. आग्र्याहून सुटका तो अशी रंगवून सांगायचा की बाकीची मुलं जागची हलायची नाहीत. पण एकदा हत्तीच्या चित्राखाली ‘सोंड’ असं छापलं होतं आणि त्याने बोट ठेवून ठामपणे वाचलं, ‘हत्ती’. पुढच्या पानावर झाडाखाली ‘फांदी’ होतं, ते त्याने ‘झाड’ वाचलं. तो अक्षरं वाचतच नव्हता, चित्रं वाचत होता. आईशी बोलले तर तिचे डोळे भरून आले. इंग्रजीतही हेच चाललं होतं. मुलगा खासगी शाळेत, आणि ‘अशी तपासणी आमच्याकडे होत नाही’ असं शाळेने सांगितलेलं. बाहेर मानसशास्त्रज्ञाकडे जायचं तर काही हजार डॉलर. सरकारी शाळेकडे मागता येईल हे तिच्या मनातही आलं नव्हतं. म्हणाली, ‘ताई, आपण त्यांच्या शाळेत मुलाला घातलंच नाही, मग मागायचं कुठल्या तोंडाने?’

मागता येतं, आणि तपासणीचा एक पैसाही द्यावा लागत नाही. मूल खासगी शाळेत असो, चर्चच्या शाळेत असो की घरीच शिकत असो, अपंगत्वाची किंवा अध्ययन अक्षमतेची शंका असेल तर ते तपासण्याची जबाबदारी सरकारी स्कूल डिस्ट्रिक्टची, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेची. त्यानंतर मिळणाऱ्या सेवांचं मात्र तसं नाही. तपासणी सर्वांना, पण सेवा सगळ्यांना सारखी नाही, ही गोष्ट पालकांना चक्रावून टाकते. ती अशी का झाली, हे मागची पन्नास-साठ वर्षं पाहिल्याशिवाय उलगडत नाही.

1970 च्या सुमारास पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यात अशी सोय होती की ज्या मुलाचं मानसिक वय पाच वर्षांचं झालेलं नाही, त्याला सरकारी शाळा प्रवेश नाकारू शकते. मतिमंद मुलांच्या पालकांच्या संघटनेने राज्यावर दावा लावला. 1971 मध्ये तडजोड झाली आणि तिच्यात एक अट घातली गेली: राज्याने अशी मुलं स्वतःहून शोधायची, त्यांची तपासणी करायची. या अटीचं महत्त्व आज सहज लक्षात येत नाही. ज्यांना शाळेने दारातूनच परत पाठवलं होतं, त्यांची नावं कुठल्याच हजेरीपटावर नव्हती. यादीच नसेल तर न्याय द्यायचा कोणाला? म्हणून शोध आधी, शिक्षण मग.

पुढच्याच वर्षी राजधानी वॉशिंग्टनमधल्या मिल्स खटल्यात शिक्षण मंडळाने पैसे नसल्याचं कारण पुढे केलं. न्यायाधीश जोसेफ वॅडी यांनी ते मानलं नाही. पैसा अपुरा असेल तर त्याची झळ सगळ्यांनी सोसावी, ती फक्त अपंग मुलांच्या वाट्याला टाकता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. मला हा निकाल या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा वाटतो, कारण ‘बजेट नाही’ हे उत्तर पालकांना आजही ऐकावं लागतं.

या दोन खटल्यांनी काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, हलली. 1974 च्या एका दुरुस्ती कायद्यात राज्यांवर मुलं शोधण्याची जबाबदारी आली. मग 29 नोव्हेंबर 1975 रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी सर्व अपंग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यावर सही केली. काँग्रेसने त्यात नोंदवलेले आकडे अंगावर येतात: देशात 80 लाखांहून अधिक अपंग मुलं, त्यांतल्या निम्म्याहून अधिकांना योग्य शिक्षण नाही, आणि 10 लाख मुलं शाळेच्या पूर्ण बाहेर. सही करतानाच फोर्ड यांनी बजावलं होतं की हा कायदा केंद्राला झेपेल त्याहून जास्त आश्वासनं देतो. देशात दर विद्यार्थ्यामागे होणाऱ्या सरासरी खर्चाच्या 40 टक्क्यांपर्यंतचा वाटा केंद्र प्रत्येक अपंग मुलामागे उचलेल असं ठरलं होतं. तो वाटा आजवर एकदाही पूर्ण मिळालेला नाही. 1990 मध्ये कायद्याचं नाव बदललं आणि तो आयडिया (IDEA, अपंग व्यक्तींच्या शिक्षणाचा कायदा) या लघुनामाने ओळखला जाऊ लागला. मुलं शोधण्याच्या कर्तव्याला तिथे ‘चाइल्ड फाइंड’ म्हणतात. त्याची कक्षा ‘राज्यातली सर्व मुलं’ अशी आहे, फक्त सरकारी शाळेतली नव्हे.

खासगी शाळांची गोष्ट वेगळ्या वाटेने आली. ऑरेगन राज्याने प्रत्येक मुलाला सरकारी शाळेतच घालण्याची सक्ती केली होती. 1925 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. मूल कुठे शिकेल हे आईवडील ठरवतील, हे तेव्हाच पक्कं झालं. पण पेच पुढे होता. बहुतेक खासगी शाळा धार्मिक, आणि अमेरिकेची राज्यघटना सरकारला धर्माचा पाठीराखा होऊ देत नाही. मग सरकारी पगारावरचा शिक्षक चर्चच्या शाळेच्या वर्गात जाऊन शिकवू शकतो का?

1985 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, नाही. तो खटला गरीब वस्त्यांतल्या मुलांच्या जादा शिकवणीचा होता, विशेष शिक्षणाचा नव्हे. पण त्याची सावली सगळीकडे पडली. न्यूयॉर्कमध्ये धार्मिक शाळांच्या बाहेर रस्त्याला लागून फिरत्या वर्गांच्या गाड्या उभ्या राहू लागल्या. शाळेच्या आवारात पाय ठेवायचा नाही म्हणून मुलांनी वर्गातून उठून, फुटपाथ ओलांडून गाडीत शिकायला जायचं. गाड्या, भाड्याच्या जागा, संगणक आणि ने-आण यांवर त्या शहराचे 10 कोटी डॉलरहून अधिक खर्च झाले. तो पैसा मुलांच्या शिकवणीवर खर्च झाला असता, या विचाराने अजून जीव हळहळतो.

1993 मध्ये बांध थोडा फुटला. ॲरिझोनातल्या टूसॉन शहरात कॅथलिक हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या एका कर्णबधिर मुलाला सरकारी खर्चाने सांकेतिक भाषेचा दुभाषी देता येईल, असं सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी ठरवलं. 1997 च्या जूनमध्ये न्यायालयाने 1985 चा तो निकालच मोडीत काढला. त्याच महिन्यात आयडियात दुरुस्ती झाली आणि आजची मांडणी आकाराला आली. पालकांनी स्वतःहून खासगी शाळेत घातलेल्या मुलांसाठी डिस्ट्रिक्टने केंद्राच्या निधीतला प्रमाणशीर हिस्सा बाजूला काढायचा. तो कोणत्या सेवांवर खर्चायचा, हे खासगी शाळांशी सल्लामसलत करून डिस्ट्रिक्टने ठरवायचं. आपल्याच मुलाला अमुक तास स्पीच थेरपी मिळालीच पाहिजे, असा वैयक्तिक दावा त्या पालकांना करता येत नाही. सरकारी शाळेतल्या मुलाला आयईपी, म्हणजे त्याच्यापुरती आखलेली शिक्षणाची योजना, मिळते. या मुलांना मिळालाच तर ‘सर्व्हिस प्लॅन’, आणि तो बराच तोकडा असतो.

तपासणीचा खर्च मात्र त्या हिश्श्यातून वजा करता येत नाही. ही तरतूद मोलाची आहे. नाहीतर तपासण्या करता करताच हिस्सा संपला असता आणि सेवेला काही उरलं नसतं.

2004 च्या दुरुस्तीने आणखी एक बदल केला आणि तिथेच आपले बरेच पालक अडकतात. मूल राहतं एका गावात, खासगी शाळा शेजारच्या गावात. पूर्वी घराचा पत्ता महत्त्वाचा. आता खासगी शाळा ज्या डिस्ट्रिक्टच्या हद्दीत आहे, शोध आणि तपासणी त्याने करायची. पण मुलाला सरकारी शाळेत आणून पूर्ण आयईपी द्यायचा प्रश्न आला की जबाबदारी राहत्या डिस्ट्रिक्टची. दोघांनी मुलाची माहिती एकमेकांना द्यायची तर पालकांची लेखी संमती लागते. माझ्या वर्गातल्या त्या मुलाच्या आईने पहिला फोन राहत्या डिस्ट्रिक्टला केला होता. तिकडून ‘आमच्याकडे नाही’ एवढंच उत्तर आलं. कुठे जा, हे कोणी सांगितलं नाही. तीन आठवडे त्यातच गेले.

घरी शिकणाऱ्या मुलांचं काय? आयडियात होमस्कूलिंगची वेगळी व्यवस्था नाही. घरची शाळा ही ‘खासगी शाळा’ धरायची की नाही, हे राज्याचा कायदा ठरवतो. टेक्सासमध्ये 1994 च्या लीपर खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने घरची शाळा ही खासगी शाळाच मानली. नेवाडात तसं नव्हतं. तिथे स्पीच थेरपी मागणाऱ्या होमस्कूलिंगच्या कुटुंबाला 2000 मध्ये संघीय अपील न्यायालयाने सांगितलं की हे ठरवणं राज्याच्या हातात आहे. न्यूयॉर्कने 2008 मध्ये कायदाच बदलून या मुलांना सेवांची दारं उघडली. म्हणजे सेवा मिळणार की नाही हे राज्याची सीमा ओलांडली की बदलतं. तपासणी बदलत नाही, कारण चाइल्ड फाइंडला शाळेचा प्रकार लागतच नाही.

याची दुसरीही बाजू आहे. मिसूरीत कॅमडेन्टनच्या एका कुटुंबाने मुलाला सरकारी शाळेतून काढून घरी शिकवायला सुरुवात केली. डिस्ट्रिक्टला तपासणी करायचीच होती, आईवडिलांना नको होती, सेवाही नको होत्या. 2006 मध्ये अपील न्यायालय पालकांच्या बाजूने उभं राहिलं. त्याच वर्षीच्या केंद्रीय नियमांत हे स्पष्ट झालं: स्वखर्चाने खासगी शाळेत किंवा घरी शिकणाऱ्या मुलाच्या पालकांनी संमती दिली नाही, तर डिस्ट्रिक्ट सुनावणीत जाऊन ती संमती डावलू शकत नाही. तपासणी मागितली की मुलाला सरकारी शाळेत ओढून नेतील, अशी भीती काही होमस्कूलिंगच्या पालकांत असते. तिला आधार नाही.

महाराष्ट्रातून आलेल्या पालकांच्या डोळ्यांसमोर वेगळंच चित्र असतं. मुंबईत सायन किंवा नायरसारख्या सरकारी रुग्णालयातून प्रमाणपत्र आणायचं, ते दाखवून दहावीच्या परीक्षेत सवलत घ्यायची. म्हणून इथेही ते आधी डॉक्टरकडे धावतात. इथे डॉक्टरांचा अहवाल उपयोगी पडतो, पण तो पुरेसाही नाही आणि अटही नाही. न्यू जर्सीत डिस्ट्रिक्टची ‘चाइल्ड स्टडी टीम’ तपासते: मानसशास्त्रज्ञ, अध्ययन अक्षमतेची सल्लागार शिक्षिका आणि सामाजिक कार्यकर्ता. लेखी मागणी आली की 20 दिवसांत बैठक घ्यावी लागते. पुढे तपासणीची मुदत केंद्राच्या कायद्यात 60 दिवस; राज्याने स्वतःची ठरवली असेल तर ती लागू होते, न्यू जर्सीत 90. हे 60 किंवा 90 दिवस पत्र पाठवल्यापासून मोजत नाहीत, संमतीच्या कागदावर सही केल्यापासून मोजतात. सही करायचा कागद आठवडाभर फ्रिजवर चिकटवून ठेवणाऱ्यांचा तो आठवडा वाया जातो. नकार द्यायचा असेल तर डिस्ट्रिक्टने तो कारणांसह लेखी द्यायचा असतो. फोनवर ‘अजून थोडं थांबून बघा’ म्हणणं हा नकार नव्हे आणि होकारही नव्हे.

भाषेचा मुद्दा राहिला. 1970 मध्ये कॅलिफोर्नियात डायना खटला झाला. घरी स्पॅनिश बोलणाऱ्या नऊ मुलांना इंग्रजी चाचण्या देऊन मतिमंद ठरवलं होतं. स्पॅनिशमधून पुन्हा तपासलं तेव्हा त्यांतली बहुतेक मुलं मतिमंदत्वाच्या रेषेच्या वर निघाली. तेव्हापासूनची ही शिकवण पुढे कायद्यात आली: तपासणी मुलाच्या मातृभाषेत किंवा ज्या भाषेत त्याला खरोखर काय येतं ते कळेल त्या भाषेत व्हावी, आणि बैठकीत पालकांना लागेल तर दुभाषी मिळावा.

त्या मुलाच्या आईने पत्र टाकलं, या वेळी शाळेच्या गावच्या डिस्ट्रिक्टला. वरती तारीख, मुलाचं नाव, जन्मतारीख, शाळा; खाली ‘सोंड’ आणि ‘हत्ती’ची गोष्ट जशीच्या तशी इंग्रजीत. नंतर आलेल्या फॉर्मवर ‘घरी बोलली जाणारी भाषा’ अशी ओळ होती. तिथे तिचं पेन थांबलं. मराठी लिहिलं तर इंग्रजीच येत नाही असं धरून त्याला वेगळ्या वर्गात बसवतील, अशी तिला भीती. मी तिला डायनाची गोष्ट सांगितली. तिने ‘मराठी’ लिहिलं, पुढे ‘आणि इंग्रजी’ जोडलं, आणि सही केली.