अंकुशकृमीची लस का अडली? एका प्रतिपिंडाची पार्श्वभूमी

ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यात अंकुशकृमीविरुद्धच्या लसीची माणसांवर चाचणी चालू होती. लसीत एनए-एएसपी-२ नावाचं प्रथिन होतं. अंकुशकृमीची अळी अनवाणी पायाच्या त्वचेतून आत शिरते, तेव्हा ती हे प्रथिन स्रवते. ज्यांना हा जंत कधीच झाला नव्हता अशा अमेरिकेतल्या प्रौढांना हीच लस आधी दिली होती आणि त्यांनी ती नीट सोसली होती. ब्राझीलमध्ये मात्र एकाच डोसनंतर काही स्वयंसेवकांच्या सर्वांगावर गांधी उठल्या आणि चाचणी थांबवावी लागली. २०१२ साली संशोधकांनी कारण प्रसिद्ध केलं: या लोकांच्या रक्तात त्या प्रथिनाविरुद्धचं आयजीई हे प्रतिपिंड (परक्या पदार्थाला ओळखून शरीर बनवतं ते प्रथिन) लस देण्यापूर्वीच तयार होतं. ते बहुधा पूर्वी होऊन गेलेल्या जंतांमुळे आलं होतं.

जंतांमुळे आलेलं प्रतिपिंड गांधी का उठवतं, हे कोडं उलगडायला जवळजवळ शंभर वर्षं मागे जावं लागतं. १९२१ मध्ये तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेस्लाऊ इथे कार्ल प्राउस्निट्झ आणि हाइन्झ क्युस्टनर या डॉक्टरांनी एक धाडसी प्रयोग केला. क्युस्टनरना मासे सोसत नसत. त्यांच्या रक्तातला सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) प्राउस्निट्झनी स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तिथे लाल गांध उठली. ॲलर्जी घडवणारं काहीतरी सीरममध्ये आहे आणि ते एका माणसातून दुसऱ्यात नेता येतं, एवढं ठरलं. ते नेमकं काय आहे हे कळायला मात्र आणखी पंचेचाळीस वर्षं लागली. १९६६ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या दांपत्याने त्याचा छडा लावला. पाठोपाठ स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिच यांना एका कर्करुग्णाच्या रक्तात तसंच प्रथिन सापडलं. १९६८ मध्ये त्याला आयजीई हे नाव मिळालं.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो त्याच वर्षीचा इथिओपियातला अभ्यास. तिथल्या लहान मुलांमध्ये आयजीईचं प्रमाण स्वीडिश मुलांच्या कितीतरी पट निघालं आणि पोटात मोठे जंत असलेल्या मुलांमध्ये ते विशेष जास्त होतं. प्राण्यांमधला पुरावा तर आधीच आला होता. १९६४ मध्ये ब्रिजेट ओगिल्वी यांनी कृमींना दाद न देणाऱ्या प्राण्यांत ॲलर्जीसारखीच प्रतिपिंडं दाखवली होती. परागकण आणि मासळीच्या निमित्ताने ओळख झालेलं हे प्रतिपिंड जंतांशी लढताना शरीर भरभरून बनवतं, हे चित्र तेव्हापासून स्पष्ट होत गेलं.

आयजीई मास्ट पेशींवर, म्हणजे त्वचेत आणि आतड्यात असणाऱ्या संरक्षक पेशींवर, चिकटून बसतं. नेमकं प्रथिन येऊन आयजीईच्या दोन रेणूंना एकत्र जोडलं की पेशी हिस्टामीन सोडते; मग खाज, सूज, गांधी. तरीही पोटभर जंत असलेलं प्रत्येक मूल गांधींनी भरलेलं दिसत नाही. एका मताप्रमाणे जंतांमुळे वाढलेलं बरंचसं आयजीई कोणत्याच एका प्रथिनाला उद्देशून नसतं आणि ते मास्ट पेशींवरच्या जागा अडवून ठेवतं. व्हेनेझुएलातल्या काराकासच्या झोपडपट्टीतल्या मुलांना २२ महिने जंतांचं औषध दिल्यावर त्यांचं एकूण आयजीई घटलं, पण धुळीतल्या किड्यांच्या ॲलर्जीसाठी केलेल्या त्वचाचाचण्या अधिक सकारात्मक येऊ लागल्या (१९९३). यावरून जंत असू द्यावेत असा अर्थ कुणी काढू नये. अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त पितो. त्यातून येणारा पंडुरोग मुलांची वाढ खुंटवतो आणि गरोदर बायांना धोक्यात टाकतो.

म्हणूनच लस हवी. आपल्याकडे अंगणवाड्या आणि शाळांतून अल्बेंडाझोलची गोळी देतात. तिने जंत पडतात, पण दूषित मातीत अनवाणी फिरणाऱ्या मुलाला ते पुन्हा होतात.

ब्राझीलच्या अनुभवानंतर संशोधकांनी अळीची प्रथिनं बाजूला ठेवली आणि प्रौढ कृमीच्या आतड्यातली दोन निवडली: एनए-एपीआर-१ आणि एनए-जीएसटी-१. पहिलं रक्तातलं हिमोग्लोबिन तोडतं, दुसरं त्यातून सुटणाऱ्या हीम या विषारी घटकाला आवर घालतं. कृमी रक्त पिताना लसीमुळे बनलेली प्रतिपिंडंही गिळेल आणि त्याचं पचन बिघडेल, असा हा विचार आहे. मुख्य म्हणजे, जंत होऊन गेलेल्या लोकांच्या रक्तात या प्रथिनांविरुद्ध आयजीई आहे का, हे आता लस टोचण्याआधी तपासलं गेलं. एनए-जीएसटी-१ची लस ब्राझीलमध्ये, अंकुशकृमीचा प्रादुर्भाव असलेल्या भागातल्या प्रौढांनाही देऊन झाली आहे आणि त्यांच्यात तशा गांधी उठल्या नाहीत.